बिल्वफळाची कसोटी

माघ वद्य चतुर्दशीला माणगावची बाजारपेठ उजाडण्यापूर्वीच जागी होते. मुंबई-गोवा मार्गावरचे हे तालुक्याचे गाव एरवी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या घाईचे. महाशिवरात्रीच्या दिवशी मात्र ही घाईसुद्धा शिवमय होऊन जाते. कोणी म्हसळा-श्रीवर्धनच्या रस्त्याने हरिहरेश्वराकडे निघालेला असतो, कोणी पाचाडच्या वाटेने रायगडावरील जगदीश्वराचे दर्शन घेण्याच्या ओढीने चाललेला असतो. आसपासच्या वाड्यांतून आलेल्या स्त्रिया रस्त्याच्या कडेला फडके अंथरून बेलाच्या जुड्या मांडून बसतात. उपवास असलेली माणसे एकेक जुडी उचलतात, त्रिदळ अखंड आहे ना हे पाहतात आणि पुढे जातात.

अशाच एका म्हाताऱ्या बाईच्या टोपलीत आम्हाला पानांच्या आड दडलेली चार-सहा हिरवीगार, टणक फळे दिसली. आम्ही विचारले, "आजी, ही फळे अजून कच्ची आहेत. झाडावर पिकू द्यायची होती." आजीबाई हसल्या. म्हणाल्या, "पिकल्यावर सरबत, बाबा. कच्चं हाय तवर औषध. पान देवाला, फळ पोरांच्या पोटाला."

शिवरात्रीच्या दिवशी बेलाचे पान सर्वांच्याच हाती असते. पण त्याच झाडावर त्याच दिवसांत लोंबत असलेल्या कच्च्या फळाकडे किती जणांचे लक्ष जाते? बेलाचे फळ पिकण्यास चैत्र-वैशाख उजाडावा लागतो. म्हणजे माघात झाडावर असते ते नेमके आजीबाईंचे औषधी फळ. हे फळ हगवणीवर गुणकारी आहे, असे शतकानुशतके सांगितले गेले. ते खरे आहे काय? कोणी ते पारखून पाहिले आहे काय? शिवाला प्रिय असलेल्या या वृक्षाची अशी परीक्षा करणे भाविकाला रुचेल काय? शिवरात्रीच्या निमित्ताने या प्रश्नांचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

पोथीतला बेल आणि वैद्याचा बेल

बेलाचे धार्मिक माहात्म्य आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. श्रीधरस्वामींच्या शिवलीलामृताच्या दुसऱ्या अध्यायातील व्याधाची कथा घराघरांत वाचली जाते. शिकारीसाठी झाडावर बसलेला व्याध रात्रभर नकळत बेलाची पाने खाली टाकतो, ती शिवलिंगावर पडतात आणि त्याला पूजेचे पुण्य लाभते. न जाणता घडलेल्या कृतीचेही फळ मिळते, असे ही कथा सांगते.

वैद्यांचा बेल मात्र पानापेक्षा फळाशी अधिक जोडलेला आहे. आयुर्वेदाने या फळाविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदवून ठेवले आहे. सामान्यतः फळ पिकले की गुणवान होते. बेल मात्र याला अपवाद असून त्याचे कोवळे, कच्चे फळच औषधात श्रेष्ठ, असे भावप्रकाशात सांगितले आहे. कच्चे फळ स्तंभक आणि अग्नी प्रदीप्त करणारे, पिकलेले फळ पचण्यास जड. या भेदावरूनच आपल्याकडे कच्च्या फळाच्या चकत्या उन्हात वाळवून बेलकाचरी करून ठेवण्याची चाल पडली. अतिसार, आव, संग्रहणी अशा विकारांत वैद्य ती कुड्याच्या सालीबरोबर किंवा सुंठीबरोबर योजीत आले.

परदेशी वैद्यांचेही या फळाकडे लक्ष गेले होते. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ओर्ता याचा हिंदुस्थानातील औषधींवरचा प्रसिद्ध ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्याने बेलाचे वर्णन 'बंगालचे मार्मेलो' असे केले असून आमांशावर त्याचा उपयोग होतो, असे नमूद केले आहे. मार्मेलो हे पोर्तुगालमधील एका फळाचे नाव. मौज अशी की, तेच नाव पुढे वनस्पतिशास्त्रात कायम झाले आणि आपला बेल जगभरच्या ग्रंथांत 'एगल मार्मेलॉस' म्हणून ओळखला जाऊ लागला. १८६८ साली निघालेल्या 'फार्माकोपिया ऑफ इंडिया' या सरकारी औषधसंहितेतही बेलफळाला स्थान मिळाले.

इतक्या साक्षी असताना आणखी कसोटी कशाला, असे कोणी म्हणेल. याचे उत्तर आम्हाला आमच्या घरातच मिळाले होते.

एक घरगुती प्रसंग

आमच्या लहानपणीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. आमच्या धाकट्या भावास हगवण लागली. तो तेव्हा जेमतेम वर्षाचा असेल. आजीने डब्यातून बेलकाचरी काढली, तिचा काढा उकळला आणि चमच्याचमच्याने त्याला पाजला. त्याच वेळी तिने घरात एक दंडकही घातला. पोराला पाणी द्यायचे नाही! पाणी दिले की पोट आणखी सुटते, अशी तिची समजूत होती. ती तिच्या एकटीची नव्हती. त्या काळी घरोघर तेच मानले जाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी मूल मलूल झाले. डोळे खोल गेले, टाळू बसली, जीभ कोरडी पडली. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती जागेवर येईना. वडिलांनी त्याला उचलून दवाखाना गाठला. शिरेतून सलाइन गेल्यावर रात्री त्याने डोळे उघडले. भाऊ वाचला, पण आजी पुढे कित्येक वर्षे बेलकाचरीच्या त्या डब्याकडे पाहून गप्प होत असे. बेलानेच घात केला, असे तिला वाटत राहिले.

पुढे आमच्या ध्यानात आले की दोष बेलाचा नव्हता, पाणी तोडण्याचा होता. आजीच्या एका हातात परंपरेने दिलेले औषध होते आणि दुसऱ्या हातात परंपरेनेच दिलेली घातक चूक. दोन्ही तिने सारख्याच श्रद्धेने जपली होती. त्यांतले तारक कोणते आणि मारक कोणते, हे केवळ जुनेपणावरून ठरवता येत नाही. ते पारखूनच घ्यावे लागते.

मांडव्याहून वरळीपर्यंत

ही पारख ज्यांनी केली, त्यांच्या कार्याचा एक धागा आमच्या रायगड जिल्ह्याशी जुळलेला आहे. डॉ. नोशीर अंतिया हे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील नामांकित शल्यविशारद. कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या हातापायांवर शस्त्रक्रिया करून त्यांना पुन्हा कामाजोगे करण्यात त्यांनी मोठे नाव मिळवले होते. परंतु शहरातील मोठे रुग्णालय खेड्यातील माणसाच्या साध्या दुखण्यापर्यंत पोहोचत नाही, ही खंत त्यांना स्वस्थ बसू देईना. सत्तरच्या दशकात अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात त्यांनी एक प्रयोग केला. जिल्हा तेव्हा कुलाबा या नावाने ओळखला जात होता. गावातल्याच, फारसे न शिकलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्याचे प्राथमिक शिक्षण दिले आणि बरीचशी दुखणी गावातच सांभाळता येतात, हे दाखवून दिले. पुढे हेच काम पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात, परिंचे खोऱ्यात चालू राहिले.

अशा कामात घरगुती औषधांचा प्रश्न पदोपदी येतो. गावातली बाई बेल, पेरूची पाने, करंज, नागरमोथा यांवर भरवसा ठेवून असते. तिला काय सांगावे? हे दे, की हे देऊ नकोस? याचे उत्तर शोधण्याचे काम डॉ. अंतिया यांच्याच पुढाकाराने १९७५ साली मुंबईत स्थापन झालेल्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेने हाती घेतले. वरळीच्या त्या प्रयोगशाळेत डॉ. तन्नाझ बिर्डी, पूनम दासवानी, एस. ब्रिजेश आणि पी. तेताली या संशोधकांनी हगवणीवरच्या या वनस्पती एकेक करून कसोटीस लावल्या. बेलफळावरचा त्यांचा निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. डॉ. अंतिया २००७ सालीच निवर्तले होते. तथापि निबंधाच्या लेखकांत त्यांचेही नाव आहे.

प्रयोगशाळेत बेलाने काय केले?

संशोधकांनी प्रथमच एक शहाणपणाचा निर्णय घेतला. बेलाचा अर्क मद्यार्कात किंवा अन्य रासायनिक द्रावात न काढता त्यांनी आयुर्वेदाच्या रीतीने त्याचा काढा केला. कच्च्या फळाचा वाळलेला गर, त्याच्या सोळापट पाणी आणि ते चतुर्थांश उरेपर्यंत आटवणे, ही ती रीत. गावातील आई मुलाला जे पाजते, त्याच्या जवळचे असेच काही तपासायचे, हा त्यामागचा विचार.

मग हगवणीच्या शत्रूंची फौज समोर आणली गेली. तिच्यात तीन वर्ग होते. पहिला जंतूंचा. त्यात पटकीचा जंतू, रक्ती आव घडवणारा शिगेला आणि ई. कोलाय या जंतूचे चार उपद्रवी वाण, असे एकूण सहा. दुसरा वर्ग विषाणूचा. लहान मुलांच्या तीव्र जुलाबांचे एक प्रमुख कारण असलेला रोटा विषाणू त्यात होता. तिसरा वर्ग परोपजीवींचा, म्हणजे जिआर्डियाचा. दूषित पाण्यातून पोटात जाणारा हा एकपेशीय जीव लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून बसतो आणि अंगी लागायचे अन्न अंगी लागू देत नाही.

पहिली कसोटी सरळ होती. बेलाचा काढा यांना मारतो काय? जिआर्डिया आणि रोटा विषाणू यांच्या बाबतीत उत्तर मिळाले, होय, मारतो. जंतूंच्या बाबतीत मात्र बेलाने निराशा केली. सहापैकी एकही जंतू काढ्याने मेला नाही. सारे जसेच्या तसे वाढत राहिले.

एखाद्या घाईच्या प्रयोगशाळेने येथेच वही मिटली असती. जंतुनाशक गुण नाही, म्हणून बेल निरुपयोगी, असा शेरा मारून पुढची वनस्पती घेतली असती. परंतु वरळीच्या संशोधकांनी एक पाऊल पुढे टाकले. जंतू पोटात असला एवढ्याने हगवण लागत नाही. त्याला आधी आतड्याच्या अस्तराला घट्ट चिकटावे लागते. काही जंतू तेवढ्यावर न थांबता पेशींच्या आत घुसतात. पटकीसारखे काही जंतू विष तयार करतात; ते विष पेशीच्या पृष्ठभागावरील एका विशिष्ट जागी जाऊन बसते आणि मग शरीरातले पाणी आतड्यात ओतले जाऊ लागते. रोगाच्या या पायऱ्यांपैकी एखाद्या पायरीवर बेल आडवा येतो काय, हा त्यांचा दुसरा प्रश्न होता.

काचपात्रात वाढवलेल्या मानवी पेशींच्या थरावर त्यांनी जंतू सोडले, एकदा काढ्यासह आणि एकदा काढ्याविना. काढा असताना पेशींना चिकटणारे जंतू लक्षणीय प्रमाणात घटले. पेशींत घुसणाऱ्या जंतूंची संख्याही घटली. पटकीच्या विषाची निर्मिती कमी झाली. पटकीचे विष आणि ई. कोलायचे त्याच जातकुळीचे विष यांना पेशीवर आपली जागा पकडणे कठीण झाले. ई. कोलायच्या दुसऱ्या एका प्रकारच्या विषावर मात्र बेलाचा काहीही परिणाम दिसला नाही आणि तेही संशोधकांनी जसे आहे तसे लिहून ठेवले.

तात्पर्य, बेल जंतूचा वध करीत नाही. त्याचे पाय टेकू देत नाही आणि त्याच्या विषाची धार बोथट करतो.

याच प्रयोगशाळेत करंजाची पाने तपासली गेली, तेव्हाही असाच अनुभव आला. आपल्या किनारपट्टीवर जागोजाग उभ्या असलेल्या या झाडाच्या पानांच्या काढ्याने जंतू, जिआर्डिया किंवा रोटा विषाणू यांपैकी कोणालाच मारले नाही; पण पटकीच्या विषाची निर्मिती आणि जंतूंचा पेशींतील शिरकाव त्याने कमी केला. पेरूच्या पानांनी मात्र शिगेला आणि पटकीचा जंतू या दोघांवर प्रत्यक्ष हल्ला केला. प्रत्येक झाडाची लढण्याची रीत निराळी. सर्वांना एकाच मापाने मोजले असते तर यांतले निम्मे ज्ञान हातचे गेले असते.

या उत्तराचा अर्थ

आजच्या काळात या निष्कर्षाला एक वेगळे मोल आहे. प्रतिजैविक औषधे जंतूंना मारतात, पण मारता मारता त्यांतले चिवट जंतू निवडून मागे ठेवतात. त्यांचीच पुढे वीण वाढते आणि काल गुणकारी असलेले औषध आज निकामी ठरते. साध्या जुलाबावर ऊठसूट प्रतिजैविके घेण्याच्या सवयीने हे संकट आपण दारात आणून ठेवले आहे. जंतूला न मारता निःशस्त्र करणारी द्रव्ये सापडली, तर जंतूंवर चिवटपणाचा तेवढा ताण पडणार नाही, अशी अनेक शास्त्रज्ञांची अपेक्षा आहे. बेल त्या दिशेने बोट दाखवतो.

जुन्या पोथीतला धागा पकडून नवे औषध हाती लागल्याचे उदाहरण जगापुढे आहेच. चीनमध्ये तू यूयू या विदुषीने हिवतापावरील औषधाच्या शोधात जुने वैद्यकग्रंथ चाळले. चौथ्या शतकातील एका ग्रंथात, वनस्पती पाण्यात भिजवून तिचा रस पिळून घ्यावा, असा उल्लेख तिला सापडला. उकळण्याचे नाव त्यात नव्हते. त्यावरून तिने उष्णता टाळून अर्क काढला आणि १९७१ साली हिवतापाच्या परोपजीवीवर तो प्रभावी ठरला. २०१५ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. पोथीने दिशा दिली. रोग्याला औषध मिळाले ते कसोटीनंतरच.

बेलाच्या बाबतीत कसोटीचा मार्ग अद्याप संपलेला नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. वरळीचे प्रयोग काचपात्रात आणि पेशींवर झाले. माणसाचे आतडे काचपात्राहून कितीतरी गुंतागुंतीचे असते. अमक्या वयाच्या मुलाला अमुक मात्रा दिली असता तो बरा होतोच, असा निर्वाळा या प्रयोगांनी दिलेला नाही आणि संशोधकांनी तसा दावाही केलेला नाही. परंपरेच्या सांगण्याला आधार आहे, एवढे त्यांनी दाखवले. हेही थोडे नव्हे. पण जेवढे सिद्ध झाले तेवढेच बोलावे. बेलाने पटकी बरी होते अशी दवंडी पिटणारा माणूस बेलाचा भक्त नव्हे, वैरीच होय.

आधी पाणी, मग बेल

म्हणूनच आमच्या घरातील त्या प्रसंगाची आठवण आम्ही मुद्दाम दिली. हगवण लागलेल्या मुलाचा जीव जातो तो बहुतेक वेळा शरीरातील पाणी आणि क्षार संपल्यामुळे. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने थैमान घातले, तेव्हा शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि सोडा यांचे पाणी रोग्यांना तोंडाने पाजण्याचे धाडस केले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. साखरेच्या सोबतीने मीठ आणि पाणी आजारी आतड्यातूनही शरीरात शोषले जाते, हे त्यामागचे शास्त्र. आजीच्या 'पाणी तोडा' या दंडकाच्या नेमके उलट!

आज ही जलसंजीवनीची पाकिटे सरकारी आरोग्य केंद्रात मिळतात. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोटाघोटाने पाजावे. अंगावरचे दूध तोडू नये. जस्ताच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस द्याव्यात. शौचात रक्त दिसले, मूल पाणी पिईनासे झाले, लघवी थांबली, डोळे खोल गेले, तर कोणत्याही काढ्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा. रोटा विषाणूवरची लस २०१६ सालापासून सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली आहे. ती बाळाला वेळेवर पाजून घ्यावी. हे सर्व सांभाळून जाणत्या वैद्याच्या सल्ल्याने बेलकाचरीला तिची जागा जरूर द्यावी. ती जागा सोबत्याची आहे, सेनापतीची नव्हे.

अन् एक विनंती वृक्षासाठी. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी कित्येक बेलांच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात. दुसऱ्या दिवशी देवळाच्या मागे पानांचा ढीग कुजत पडतो. एकदा वाहिलेले बिल्वपत्र धुऊन पुन्हा वाहिले तरी चालते, अशी मुभा आपल्या धर्माचारात आहेच. एक अखंड त्रिदळ मनोभावे वाहणाऱ्याची पूजा उणी ठरत नाही. व्याधाने तरी कोठे मोजून वाहिली होती? ज्या झाडाची पुरती ओळख आपल्याला अजून व्हावयाची आहे, ते झाड आधी जगले पाहिजे.

माणगावच्या आजीबाईंकडून आम्ही त्या दिवशी बेलाची एक जुडी आणि एक कच्चे फळ घेतले. फळाच्या चकत्या करून त्या घरी उन्हात वाळत घातल्या. ज्या घरात बेलकाचरीचा डबा अनेक वर्षे आला नव्हता, त्या घरात तो पुन्हा आला. त्याच्या शेजारी फळीवर जलसंजीवनीची दोन पाकिटेही ठेवली आहेत. आमच्या आजीला ती शेजारशेजार पाहून बरे वाटले असते.